फळीवरचा चहा

केरबा मिस्त्री चांगला माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी रुमाल काढायला नको. आमच्याकडं माणसाचे हात थरथरायला लागले, चार दात पडले, की लगेच तो देवमाणूस होतो. केरबा देवमाणूस नव्हता. तो तोंडाळ होता, खुनशी होता, आणि माझ्या पाहण्यात त्याच्याइतका चांगला सुतार दुसरा आला नाही.

उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आमचा फर्निचरचा कारखाना. मालकांचं दुकान पेठ वडगावला, ते बहुतेक तिकडंच असायचे. इकडं मी. गिऱ्हाइकांशी बोलायचं, मापं घ्यायची, ड्रॉइंग काढायचं आणि काचेच्या केबिनमध्ये बसून काम वेळेत होतंय का ते बघायचं, एवढं माझं काम. लाकडाला हात लावायचा प्रसंग येत नसे. त्यामुळं केरबानं पहिल्याच दिवशी माझं नाव ‘कागदवाले’ ठेवलं. बाकीची माणसं मला सायेब म्हणायची. केरबानं पंधरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

तो बिद्रीकडचा. रोज सकाळच्या पहिल्या एस्टीनं यायचा, शर्ट काढून बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बंडीवर कामाला लागायचा. थंडीतसुद्धा. फिरत्या पात्याजवळ बाही नको, मनगटात घड्याळ नको, बोटात अंगठी नको, असा त्याचा नियम. नुकतंच लग्न झालेला एक कामगार हातात जोतिबाचा दोरा बांधून आला, तर केरबानं त्याचं मनगट धरून पटाशीनं दोरा कापला. तो बिचारा कळवळला. केरबा म्हणाला, “जोतिबा काय दोऱ्यात बसत न्हाय. पातं मातर दोऱ्यात बसतंय.” आणि दोरा त्याच्याच खिशात घालून दिला.

मशीन सुरू करायच्या आधी तो अंगठ्यानं एकेक बोट चाचपून मोजायचा. दोन्ही हातांची. संध्याकाळी शर्ट घालायच्या आधी पुन्हा मोजायचा. चाळीस वर्षं लाकूड कापून त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि ह्याचा त्याला जो माज होता तो मी कुणा पैलवानानं दंडाचा केलेला पाहिला नाही. बोट तुटलेला सुतार दिसला, मग तो कितीही वयाचा असो, केरबा त्याच्या हाताकडं बघून हसायचा.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण ह्या माणसाचा सगळा स्वभाव त्या मशीनच्या तोंडात होता.

आमच्याकडं त्याला नुसतं कटर म्हणतात. लोखंडी टेबल, मधोमध एक लांबट खाच, त्या खाचेतून गोल पातं फिरत वर आलेलं. लाकूड टेबलावरून ढकलायचं, पातं कापतं. पात्याच्या दोन्ही बाजूला जी मोकळी जागा राहते ती झाकायला कंपनी एक पत्र्याची पट्टी देते. त्या पट्टीची फट चांगली बोटभर रुंद असते. केरबानं पहिल्याच आठवड्यात मला ती दाखवली होती.

“कागदवाले, ह्यातनं काय जाईल सांगा.”

मी म्हटलं, “भुसा.”

“म्हस जाईल.” पट्टी त्यानं भंगाराच्या डब्यात भिरकावली. “बारीक पट्टी कापायला गेलं की ती ह्या भगदाडात पडती. पडली की पात्यात अडकती. अडकली की मशीन हाताला हिसका देतंय आन हात कुटं जातोय ते मग डाक्टरला इचारायचं. आन सनमाइका तर खालनं सगळी कुरतडल्यागत हुती. उंदरानं खाल्ल्यागत.”

म्हणून आमच्या कारखान्यात प्रत्येकानं आपली फळी आपण करायची. मुरलेल्या सागवानाचा तुकडा घ्यायचा, खाचेच्या आकाराचा करायचा, घासत घासत असा बसवायचा की बोटानं दाबला तरी हलता कामा नये आणि टेबलाच्या वर केसभरसुद्धा येता कामा नये. फळीला फट पाडायची नाही. पातं पूर्ण खाली उतरवायचं, कोरी फळी खाचेत बसवायची, वरून आडवी पट्टी टाकून दोन्हीकडून शिकंजे आवळायचे, मशीन सुरू करायचं आणि चाक फिरवत पातं हळूहळू वर घ्यायचं. पातं फळी फोडून वर येतं. आपल्याला लागते तेवढीच फट पातं आपली आपण पाडून घेतं. मग इकडं तिकडं जागाच राहत नाही.

नंतर परीक्षा. मशीन बंद करून केरबा लग्नपत्रिकेचा कोपरा फाडायचा आणि पातं आणि फळी ह्यांच्या मधे घालून बघायचा. कागद आत गेला, फळी नापास. त्याला येणाऱ्या सगळ्या लग्नपत्रिका तो ह्या कामाला ठेवायचा. लग्नाला मात्र कुठल्याच गेला नाही. पत्रिका द्यायला आलेल्या माणसासमोरच कागद बोटांत चोळून म्हणायचा, “कागद बरा पातळ हाय. पोरगीचा बाप कंजूष दिसतोय.”

पास झालेल्या फळीवर करणाऱ्याचं नाव घालून ती भिंतीवर खिळ्याला लावायची. कटरवर काम करायचं तर आपली फळी काढायची, लावायची, काम झालं की परत खिळ्याला. आणि नापास झालेली फळी अंजाक्काच्या चुलीत. अंजाक्का म्हणजे कारखाना झाडायची, चहा करायची ती बाई. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची तीन विटांची चूल, तिथं उरलेल्या तुकड्यांवर चहा व्हायचा. फळी नापास झाली की त्या दिवशीचा पहिला चहा त्या फळीवर, आणि पहिला कप ती फळी करणाऱ्याला. सगळ्यांच्या देखत, उभ्यानं प्यायचा. केरबा विचारायचा, “कसा झालाय?” बरा झालाय म्हणावंच लागायचं.

नेसरीचा एक मिस्त्री आला होता. पन्नाशीचा, भारदस्त, स्वतःची पेटी घेऊन आलेला, चार गावांत नाव असलेला. केरबानं त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “पावणं, आमच्यात आदी फळी करत्यात.” पाव्हण्यानं हसत केली. कागद गेला. पाव्हण्यानं चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी दुसरी केली. पुन्हा चहा. असे सात दिवस. सातव्या दिवसापर्यंत त्या माणसाचा आवाज बारीक झाला होता आणि तो माझ्या केबिनकडं बघायचा, की मी काही बोलेन. मी काय बोलणार? सातव्या चहाला तो म्हणाला, “मिस्त्री, चाळीस लग्नं माझ्या हातच्या पाटावर लागल्यात.” केरबा म्हणाला, “मग पाटच करा की.” आठव्या दिवशी तो आला नाही. त्याची पेटी न्यायला त्याचा भाऊ आला. पुढं कळलं की त्यानं गडहिंग्लजच्या बाजूला स्वतःचं दुकान टाकलं आणि तिथं तोही आपल्या माणसांना फळ्या करायला लावतो, तोही चहा पाजतो. केरबाला हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, “कागद कंचा वापरतोय?”

ह्या सगळ्यात एकच माणूस असा, की ज्याची पहिलीच फळी पास झाली. तानाजी. तिशीचा, अबोल, कामाला वाघ. केरबानं पत्रिकेचा कोपरा चारही बाजूंनी घालून बघितला, मग कॅलेंडरचं पान घालून बघितलं, मग अंजाक्काच्या डोक्यातला एक केस मागून घेतला. काहीच जाईना. मग केरबानं फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “चालंल.” चालंल हा त्याच्या तोंडून निघालेला सगळ्यात मोठा शब्द. तानाजी त्या दिवशी घरी पेढे घेऊन गेला, हे अंजाक्कानं मला सांगितलं. केरबाला ते आवडलं असेल असं मला वाटत नाही. भिंतीवर आता त्याच्या फळीच्या तोडीची दुसरी फळी होती.

पुढचं सांगताना मला माझ्याबद्दलही सांगावं लागणार, त्याला इलाज नाही.

एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं काउंटर करायचं होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी दहाला. कोपरे सगळे कलत्या कापाचे, म्हणजे पातं पंचेचाळीस अंशात कलवून कापायचे. कलत्या कापाची फळी वेगळी असते. ती नेमकी आदल्या दिवशी चिरली होती. नवी करायला केरबाच्या हिशेबानं दीड तास. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. तानाजी त्या दिवशी लवकर गेला होता, त्याची फळी मशीनवरच होती. डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते आणि मी केबिनमधून बाहेर येऊन केरबाच्या मागं भुणभुण लावली होती.

“मिस्त्री, दहा मिनिटांचं काम आहे. कुठल्याही फळीवर मारा की.”

“फळी फुकट जाईल.”

“जाऊ दे. उद्या दुसरी करता येईल.”

त्यानं मशीनवरच्या फळीकडं बघितलं. मी सहज म्हटलं, “नाहीतर तुमची लावा.” तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याचं बोटच मागितलं होतं. “माझी न्हाय,” म्हणाला. आणि पातं खाली उतरवलं, कलवलं, आणि तानाजीच्या फळीतून वर घेतलं.

आमचं मशीन इथंच उद्यमनगरात बनवलेलं, जुनं. पातं कलतं तेव्हा जागा सोडून कलतं. फळीत सरळ फटीच्या शेजारी एक तिरकी फट पडली आणि मधला पापुद्रा उडून गेला. कोपरे मात्र झकास निघाले. काउंटर टेम्पोत चढलं. मी खूश होतो.

मग केरबा त्या फळीशी बसला. त्याच्या डब्यात कायम शिजवलेला सरस असायचा. बाटलीतल्या पांढऱ्या सरसावर त्याचा विश्वास नव्हता, जनावराच्या कातड्याचा जुना सरसच लागायचा. सागवानाचा बारीक भुसा त्यात कालवून त्यानं ते भगदाड भरलं. सुतार हे रोज करतात, कपाटात, दारात, कुठं फट राहिली की सरस-भुसा. पण ते फर्निचरला. कटरच्या तोंडाला कुणी करत नाही आणि हे केरबाएवढं कुणाला माहीत नव्हतं. काम वाळेपर्यंत तो थांबला, घासून सपाट केलं, फळी पुन्हा आवळली आणि सरळ पातं त्यातून वर घेतलं. झाली नवी फट. त्यानं पत्रिकेचा कोपरा घातला. गेला नाही. वरून बघितलं तर फळी होती तशी. खाली मात्र एका बाजूला नुसता भुसा होता.

मी म्हटलं, “तानाजीला सांगायला पाहिजे.”

“काय सांगायचं? केरबानं फळी खराब केली म्हणून?” तो बोटं मोजत होता. “उद्या येऊन नवी करतो. त्येच्या नावाची. त्येला कळायचं बी न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात म्हाई, म्हणजे देवीची जत्रा होती. तो अकराला आला.

तानाजी नऊला आला होता. मी केबिनमध्ये चहा पीत होतो. तानाजीनं फळीवर हात फिरवला, खिशातून पत्रिकेचा तुकडा काढला, फटीत घालून बघितला. गेला नाही. मी काचेतून हे सगळं बघत होतो. उठून बाहेर जायला मला पंधरा पावलं होती. मी मनात म्हटलं, केरबानं भरलंय, पक्कंच असणार. आणि खरं सांगायचं तर, मला केरबाच्या तोंडाला लागायचं नव्हतं. सव्वानऊला तानाजी बारीक पट्ट्या मारायला लागला. तिसऱ्या का चौथ्या पट्टीला फटीची कड ढासळली, पट्टी आत गेली, मशीननं हिसका दिला. तानाजी ओरडला नाही. त्यानं उजवा हात डाव्या हातात धरला आणि माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, “सायेब, रिक्षा बोलवा.” मधलं बोट अर्धं गेलं होतं.

अकराला केरबा आला तेव्हा अंजाक्का टेबल पुसत होती. कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं फळी उचलली, पालथी केली, बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ह्याच्यावर नाव कुणाचं हाय?” उत्तराची वाट न बघता, “आपल्याच फळीनं बोट खाल्लं,” असं म्हणून तो मागं गेला आणि फळी चुलीत घातली. कातडं जळल्यासारखा वास सगळ्या शेडमध्ये पसरला. अंजाक्कानं त्या दिवशी चहा ओतून टाकला. केरबा माझ्या काचेसमोरून गेला, माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला माहीत होतं की मी बोलणार नाही. माझ्याबद्दलचा त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

दीड महिन्यानं तानाजी कामावर आला. केरबानं दारातच त्याचं स्वागत केलं. “या, साडेनऊ.”

त्या दिवसापासून तानाजीचं नाव साडेनऊ झालं. टेम्पोवाल्यापासून सगळे म्हणायला लागले. माझ्याही तोंडून एक-दोनदा निघालं. तानाजी ‘ओ’ द्यायचा. फक्त वर्षातून एकदा, खंडेनवमीला, भिंतीवरच्या सगळ्या फळ्या काढून, पुसून, कटरपुढं मांडून हळदकुंकू वाहिलं जायचं तेव्हा, सगळ्यांसमोर तो केरबाला विचारायचा.

“मिस्त्री, मी कागद घातला हुता. गेला न्हवता. माझी फळी चांगली हुती, एवढं म्हणा.”

“मग बोट कसं गेलं?”

“ते मला न्हाय ठावं. तुमी म्हणा.”

एका वर्षी केरबा म्हणाला, “आदी धा पतोर मोजून दाव.” दुसऱ्या वर्षी म्हणाला, “बोट आण, मग बगू.” लोक हसायचे. खोबरं वाटलं जायचं. मी नारळाचा तुकडा तोंडात घालून उभा असायचो. तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही. अशा पाच खंडेनवम्या झाल्या. पाचही वेळा त्यानं तेच विचारलं, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. बोटाची भरपाई त्यानं कधी मागितली नाही. त्याला ते एक वाक्य पाहिजे होतं.

मग केरबाचे हात थरथरायला लागले. आधी डावा, मग दोन्ही. पेन्सिलीची रेघ वाकडी जायला लागली. त्यानं लपवायचा प्रयत्न केला, हात कमरेवर ठेवून बोलायचा, चहाचा कप खाली ठेवूनच प्यायचा, वाकून. ज्यांना त्यानं चहा पाजला होता ते सगळे हे बघायचे आणि मुद्दाम त्याच्या हातात भरलेला कप द्यायचे. मालक एक दिवस वडगावहून आले आणि म्हणाले, मिस्त्री, आता घरी बसा. केरबानं खिळ्यावरचा शर्ट काढला, घातला, बटणं लावायला त्याला फार वेळ लागला. कुणी लावून दिली नाहीत. तानाजी मुख्य मिस्त्री झाला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी केरबा पुन्हा दारात उभा. निम्मा झाला होता. शर्ट बाहेरच्या खिळ्याला अडकवून आत आला आणि तानाजीपुढं उभा राहिला.

“दिवसातनं एक तास बसू दे कटरवर. पगार नगं. घरात मला इळीला बी हात लावू देत न्हाईत. सुनंनं चाकू कुलपात ठेवलाय.”

तानाजी पट्टी घासत होता. घासायचं न थांबवता म्हणाला, “नियम तुमचाच हाय, मिस्त्री. फळी करा.”

“माझी हाय की भितीवर.”

“पातं बदललंय. नवं पातळ हाय.”

केरबा तीन दिवस फळी करत होता. पहिल्या एस्टीनं यायचा, कोपऱ्यात बसायचा, फळी मांडीत दाबून धरायचा आणि हाताच्या थरथरीसकट घासायचा. मला वाटलं होतं जमणार नाही. पण हात हलत होते तरी त्याला माप कळत होतं. थोडं घासायचा, खाचेत बसवून बघायचा, काढायचा. दुपारी मी त्याला खुर्ची पाठवली. त्यानं परत पाठवली. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फळी खाचेत बसली ती दाबून हलेना. शिकंजे त्यानं स्वतः आवळले. बोटं मोजली. मशीन सुरू केलं आणि चाकावर हात ठेवला. चाकाला काय, हात थरथरतोय की नाही ह्याचं सोयरसुतक नसतं. पातं सरळ वर आलं.

सगळे काम सोडून जमले होते. मीही केबिनच्या दारात आलो. तानाजीनं मशीन बंद केलं, पत्रिकेचा कोपरा फाडला, घातला. गेला नाही. चारही बाजूंनी घातला. गेला नाही. अंजाक्का हसली. केरबाच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं, लहान पोरासारखं. तो तानाजीच्या तोंडाकडं बघत होता. एका शब्दाची वाट बघत होता.

तानाजी म्हणाला, “चालंल.”

आणि पातं खाली उतरवलं. शिकंजे पुन्हा आवळले. दुसरं चाक फिरवून पातं पंचेचाळीसात कलवलं. मशीन सुरू केलं. केरबा पुढं सरकला, त्याचा हात वर आला. तानाजीनं पातं त्या फळीतून वर घेतलं, सावकाश, पूर्ण. मधला पापुद्रा टिचून उडाला आणि केरबाच्या बंडीवर पडला.

मशीन थांबल्यावर तानाजी आपल्या पेटीकडं गेला. तळातून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला आणि नव्या फळीच्या शेजारी ठेवला. अर्धवट जळालेला, काळा. त्याच्यावर ‘ता’ एवढंच उरलं होतं. एका कडेला तिरका काप आणि त्याला चिकटलेला सरस-भुसा. दोन्ही काप एकाच कलाचे होते.

“वास आला म्हणून मी चुलीतनं काढला हुता,” अंजाक्का कुणाकडंही न बघता म्हणाली. “आल्या आल्या दिला त्येला.”

म्हणजे तानाजीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाचही खंडेनवम्यांना तो सगळं माहीत असून विचारत होता. केरबाला ते कळलं तसं मलाही कळलं.

तानाजीनं केरबाची फळी उचलली, मागं जाऊन चुलीत घातली. सागवान चांगलं जळतं. चहा उकळेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग तो गिलास भरून घेऊन आला. “प्या, मिस्त्री.”

केरबानं हात पुढं केले. गिलास हातात देताच निम्मा चहा अंगठ्यावर सांडला. तो भाजला असणार, पण त्यानं हात मागं घेतला नाही. तानाजीनं गिलास परत घेतला, साडेचार बोटांच्या त्या हातानं केरबाच्या ओठाला लावला आणि बाळाला पाजतात तसा घोट घोट पाजला, शेवटपर्यंत. त्यात माया होती की नाही, मला आजही सांगता येत नाही.

“कसा झालाय?”

“बरा झालाय.” केरबानं दंडानं तोंड पुसलं. मग खाली बघून पुटपुटला, “तुजी फळी चांगली हुती.”

“मोठ्यानं.”

“तुजी फळी चांगली हुती, तानाजी. मी कलवलं पातं. मीच बुजवलं.”

तानाजीनं मान हलवली. मग वळून माझ्याकडं आला. त्याच्या दुसऱ्या हातात आणखी एक गिलास होता, तो मला तोवर दिसलाच नव्हता. “सायेब, तुमच्या नावाची फळी न्हाय. पर काचंतनं मी बी बगत हुतो तुमच्याकडं त्या दिवशी. कागद घालताना.”

मी चहा घेतला. सगळ्यांच्या देखत, उभ्यानं प्यायला. बरा झालाय असंही म्हणालो. म्हणावंच लागतं.

केरबानं बाहेर जाऊन शर्ट खिळ्यावरून काढला. बटणं न लावताच गेटकडं निघाला. गेटपाशी थांबून तो अंगठ्यानं बोटं मोजायला लागला, पण अंगठा एका बोटावरून दुसऱ्यावर नीट पडत नव्हता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. तानाजीनं मागून हाक मारली, “मिस्त्री, उद्या दुसरी करा. नऊला या.” केरबानं मागं न बघता हात वर केला. तो हो म्हणत होता की नको म्हणत होता, ते कळायला मार्ग नव्हता. हात तसाही हलतच होता.

दुसऱ्या दिवशी नऊला कटर सुरू झाला नाही. तानाजी गेटकडं बघत नुसता शेजारी उभा होता. केरबा आला नाही. अकरा वाजता त्यानं आपली फळी खिळ्यावरून काढली, बसवली आणि कामाला लागला.